शशिकांतजींची ताटली

आमच्या कॉलेजातले शशिकांतजी हिंगवे भित्रे आहेत, असं मी बारा वर्षं ज्याला त्याला सांगत आले. अधारतालच्या मेन रोडवरून आत वळलं की आमचं नर्सिंग कॉलेज. मी तिथली ग्रंथपाल, ते तिथल्या कंप्युटरांचे सर्वेसर्वा. आमच्या खोल्यांमध्ये प्लायवूडची एक भिंत, त्यामुळे त्यांची भीती मला रोज ऐकू यायची.

सर्व्हरच्या खोलीत शिरताना ते दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत खिसे रिकामे करत. किल्ल्या, मोबाइल, कंगवासुद्धा. त्यांचे वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बारूद भरायच्या विभागात होते. तिथे खिशात काडेपेटी घेऊन आत जायची कोणाची छाती नव्हती. दहाही बोटं शाबूत घेऊन बाबा रिटायर झाले, हे शशिकांतजी अजून अभिमानाने सांगतात. एका वहीची सवयही त्यांना बाबांनीच लावली. कुठलाही बदल करायच्या आधी त्यात लिहायचं: आधी काय होतं, आता काय होणार, कोणाच्या सांगण्यावरून. मग ओळीओळीवर बोट ठेवून ताडून पाहायचं आणि त्यानंतरच हात लावायचा. "अहो, यात बारूद नाही, पोरींचे ॲडमिशन फॉर्म आहेत," असं मी म्हणायची आणि ते कसंनुसं हसायचे.

मार्चमधल्या त्या मंगळवारी कॉलेजची वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची होती. त्यासाठी कॉलेजच्या नावाखालचे पत्ते बदलावे लागतात: वेबसाइट कुठे सापडेल, मेल कुठे द्यायची, अशा दहा-बारा नोंदी. बाहेरचे कंप्युटर त्या एकदा विचारतात आणि आपण ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत लक्षात ठेवतात. आमची मुदत सहा तासांची. शशिकांतजींचं म्हणणं, आज ती मुदत पाच मिनिटांवर आणू आणि पत्ते उद्या बदलू, म्हणजे चुकलंच तर पाच मिनिटांत निस्तरेल. पण दुपारी दोनला तपासणी समिती येणार होती, आणि ग्रंथालयाची नवी यादी नव्या सर्व्हरवरच्या वेबसाइटवर दाखवून मला मिरवायचं होतं. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काहून एवढे भिऊन राहिले, शशिकांतजी? बॉम्ब आहे का तो?"

"वीणाताई, ताडून नाही झालं अजून. चार ओळी बाकी आहेत."

"अच्छा, चार ओळींनी आभाळ कोसळते का? चलो, करून टाका."

पाठीमागे शिपाई आणि दोन मुली खुदकन हसल्या. शशिकांतजींचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटली आणि बटण दाबलं. तेव्हा अकरा वाजले होते.

साडेअकराला माझी मुलगी चैत्राली धापा टाकत आली. गेल्या वर्षी ती आमच्याच कॉलेजातून पास झाली आणि सहा ठिकाणी नकार खाऊन घरी बसली होती. सकाळी नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळातून तिला फोन आला होता. निवड झाली आहे, पत्र दुपारी मेलवर येईल, त्यातल्या लिंकवर संध्याकाळी सहापर्यंत होकार द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. अर्जात तिने कॉलेजकडून मिळालेला मेलचा पत्ता दिला होता.

"आई, मी प्रणोतीला एक मेल पाठवून पाहा म्हटलं," ती म्हणाली. प्रणोती तिची मैत्रीण. "तिची मेल परत गेली. असं कोणी इथे राहत नाही म्हणते."

मी तिला शशिकांतजींकडे घेऊन गेले. शशिकांतजींनी वही उघडली. राहिलेल्या चार ओळींतली दुसरी मेलची होती. आमची मेल वेगळ्याच ठिकाणी येते. नव्या सर्व्हरने मात्र त्या ओळीत आपलाच पत्ता घालून ठेवला होता, आणि त्याच्याकडे कोणाचीच मेलची पेटी नव्हती. त्यांनी ओळ दुरुस्त केली. मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "ज्यानं या अर्ध्या-पाऊण तासात विचारलं, तो पावणेसहापर्यंत चुकीच्या पत्त्यावरच येईल."

मी इस्पितळात फोन लावला. "मैडम, लेटर सिस्टम से जाता है, हम कुछ नहीं बदल सकते," एवढं बोलून बाईने फोन ठेवला.

शशिकांतजींनी परत गेलेल्या मेलची यादी शोधली. नऊ होत्या, नागपूरची एकही नव्हती. मग त्यांनी नव्या सर्व्हरचं मेल घ्यायचं काम पुरतं बंद केलं.

"घर बंद दिसलं तर पोस्टमन पुन्हा येते, ताई. आतून कोणी 'इथे नाही राहत' म्हटलं तर पत्र परत घेऊन जाते."

"पुन्हा कधी येईल?"

"ते आपल्या हातात नाही."

दोन वाजता समिती आली. मी यादी दाखवली, त्यांनी वाहवा केली, आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. चार वाजले, पाच वाजले. चैत्राली मोबाइलकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. पोरीचं मी माझ्या हाताने वाटोळं केलं, हे एकच डोक्यात घुमत होतं. साडेपाच. शशिकांतजी खुर्चीत हलत नव्हते, ओठ तेवढे हलत होते. पावणेसहा होऊन गेले.

पाच एक्कावन्नला पत्र आलं. चैत्रालीने होकार दिला आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्या अवंतिका मॅडमनी शशिकांतजींना वहीसकट बोलावलं. परत गेलेल्या नऊ मेलमध्ये एक समितीची होती. मी तिथेच होते, माझी नजर वहीवरून हटत नव्हती, कारण त्या वहीत 'कोणाच्या सांगण्यावरून' हा रकाना असतो. मॅडमनी मोठ्यांदा वाचलं: "स्वतःच्या मनाने." मग पंधरा मिनिटं त्यांना फैलावर घेतलं. शशिकांतजी मान खाली घालून ऐकत राहिले. मी तोंड उघडलं नाही.

परत आल्यावर त्यांनी सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी ताटलीतल्या किल्ल्या उचलल्या. "चैत्रालीची गाडी कधीची आहे, ताई?" त्यांनी विचारलं.

भित्रं कोण, हे मला आता माहीत आहे. ते अजून मी कोणाला सांगितलेलं नाही.