अण्णांना सांगितलेली उड्डाणं

हेलिकॉप्टर पुढं नेणं तितकं अवघड नसतं. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर ते एका जागी धरून ठेवणं अवघड. लष्कराच्या ज्या तळावर मी वैमानिक व्हायला गेलो, तिथं मैदानावर चुन्यानं चौकोन आखलेले होते. त्या चौकोनावर थांबायचं, एवढंच. डावा हात, उजवा हात, दोन्ही पाय, प्रत्येकाला वेगळं काम. एक हलला की बाकीच्यांचं बिघडायचं. बरोबरीचे सगळे थोड्या दिवसांत शिकले. माझं हेलिकॉप्टर मात्र झिंगल्यासारखं चौकोनाबाहेर जायचं.

शेवटच्या परीक्षेत ते मागं मागं सरकत गेलं. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी ताबा स्वतःकडं घेतला. उतरल्यावर म्हणाले, "अधिकारी म्हणून तू चांगला आहेस. वैमानिक होणार नाहीस. तुझ्या तोफखान्यात परत जा." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रुजू होण्याआधी दहा दिवसांची सुट्टी मिळाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, औरंगाबाद स्टेशनावर घ्यायला आले होते. दौलताबादला आमची सीताफळाची बाग. पोरगा हेलिकॉप्टर शिकतोय, हे त्यांनी एकूण एक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलेलं. माझ्या हातातली बॅग घेता घेता त्यांनी विचारलं, "एकट्यानं उडवलंस का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

घरी गेल्यावर सांगू, असं वाटलं होतं. घरी अर्धं गाव जमलं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला शाळेत नेलं. चौकोन कसा धरायचा ते मी पोरांना हात हलवून समजावलं. एका मुलीनं विचारलं, "भ्या वाटत नाय का?" मी म्हणालो, "नाही." मागं मास्तरांच्या खुर्चीवर अण्णा टोपी मांडीवर ठेवून बसले होते आणि डोळे पुसत होते. त्यानंतर मला सांगता येईना.

मग अकरा वर्षं मी उडत राहिलो. दर सुट्टीत अण्णांना नवी हकीकत सांगायचो. बर्फात उतरलो, पुरातून माणसं काढली. मित्रांनी केलेलं सगळं मी माझ्या नावावर सांगितलं. सुरुवातीला अण्णा खोदून खोदून विचारायचे. पुढं नुसतं ऐकायचे, "बरं" म्हणायचे आणि बागेकडं जायचे. वय झालं, असं मला वाटलं.

अण्णा गेले तेव्हा मी सीमेवर होतो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी मायला म्हणालो, "माय, मी कधीच एकट्यानं हेलिकॉप्टर चालवलं नाही. मी पायलट नाही."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय."

"कधीपासून?"

"तू शाळंत बोललास, त्याच्या पुढच्या सालापासून. छावणीतले एक रिटायर सुभेदार सीताफळं न्यायला आले होते. त्यायनी तुझा फोटो पाहिला. म्हणले, छातीवर पंखाचा बिल्ला नाय, हा पायलट नाय."

"मग अण्णा बोलले का नाहीत?"

"मी म्हणलं, इचारा त्याला. ते म्हणायचे, नगं, त्याचा तोच सांगंल. लई वाट पाहिली त्यायनी. तू आलास की दर खेपंला वाटायचं त्यायला, आज सांगंल."

बर्फाची हकीकत मी दोनदा सांगितली होती. दोन्ही वेळा ते "बरं" म्हणाले होते.

तेराव्याला गाव जेवायला आलं. पंगतीत वाढत असताना एका म्हाताऱ्यानं हात धरून विचारलं, "साहेब, आता कोणतं हेलिकॉप्टर चालवता?"

माय दारातून बघत होती. मी म्हणालो, "तेच, जुनंच," आणि पुढच्या पानाकडं सरकलो.