चंदरची सात घरं

मुलांच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं की दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. त्यात आमची शाळा समुद्रकाठची. एकाच वर्गात कोळी, आगरी, मुसलमान, ख्रिस्ती, कातकरी अशी सगळी पोरं, म्हणजे बघायलाच नको! माझ्या यंदाच्या नववीचे किस्से मात्र एकाच प्रश्नाभोवती गोळा झालेत: चंदर वर्ष पुरं करणार की अर्ध्यात सोडणार? त्याच्यावर येतोच. आधी हा वर्ग काय चीज आहे ते ऐका.

ईदची सुट्टी असतेच, पण आमच्या गावात दुसऱ्या दिवशीची बाशी ईदही जोरात होते. हीच पोरं आठवीत होती तेव्हाची गोष्ट. बाशी ईदला वर्गात गेलो तर तिघेच हजर. वर्गात मुसलमान पोरं नऊ आणि गैरहजर एकतीस! हेडसर भडकले. प्रत्येकाने घरच्यांच्या सहीची चिठ्ठी आणायची, असं फर्मान निघालं. दुसऱ्या दिवशी एकतीस चिठ्ठ्या आल्या आणि सगळ्यांवर सही एकच, हनीफच्या आईची. "मुलगा माझ्या घरी होता. जेवल्याशिवाय मीच सोडला नाही. बोलायचं ते मला बोला."

हेडसरांनी चिठ्ठ्या गुपचूप फाईलला लावल्या.

दुसरा किस्सा कबड्डीचा. पीटरच्या घरी आपसात एक जुनी बोली बोलतात, पोर्तुगीज वळणाची. बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नाही. पोरांनी डोकं लढवलं. डावा कोपरा, उजवा कोपरा, पाय धर, सोड, सगळे इशारे त्या बोलीत पाठ केले. अलिबागच्या सामन्यात हनीफ ओरडतोय, जितेश ओरडतोय आणि समोरच्या टीमला काडीचं कळत नाही. त्यांचे सर पंचांकडे तक्रार घेऊन गेले. पंचांनी आमच्या कप्तानाला, जितेशला, विचारलं की ही कुठली भाषा. जितेश शांतपणे म्हणाला, "आमच्या शाळेची."

आता चंदर. कातकरीवाडीतला, गणितात वर्गात पहिला. दिवाळी झाली की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावरच परततात. वाडीतली पोरं त्यांच्याबरोबर जातात आणि बहुतेकांची शाळा तिथेच सुटते. यंदा चंदरही निघाला होता. दप्तर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, हे दुसऱ्या कुणाला द्या." मागच्या बाकावरून जितेश म्हणाला, "हा माझ्याकडं राहील की."

झालं, भांडण लागलं. हनीफ म्हणे आमचं घर मोठं, पीटर म्हणे आमचं शाळेजवळ. शेवटी सात घरं ठरली, त्यातलं एक माझं. एकेक आठवड्याची पाळी लावून कागद वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चंदरचा बाप तयार झाला, पण मनापासून नाही. मध्येच भट्टीवर हाताशी लागला तर घेऊन जाईन, असं बजावून गेला.

पहिली पाळी जितेशची. त्याची आई बाजारात मासळी विकते, तिच्यासमोर मासळीतलं कुणी काही बोलायची हिंमत करत नाही. फुकट जेवायचं म्हणून चंदरला अवघडल्यासारखं झालं. तो संध्याकाळी खाडीवर गेला, खेकड्यांच्या बिळांत हात घालून सात चिंबोऱ्या काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. तिने एकेक उलटी करून पाहिली. सगळ्या मांसाने भरलेल्या! दुसऱ्या दिवशी ती तडक शाळेत आली. मला वाटलं, तक्रार आहे.

"सर," ती म्हणाली, "आमच्या जितेशला ह्याच्याकडं शिकवणीला घाला."

पाळ्या लावताना आम्ही सगळे एक गोष्ट विसरलो. चंदर जितेशकडे पुन्हा गेला तो मार्गशीर्षात, गुरुवारी मासळी बंद. फेब्रुवारीत हनीफकडे गेला, तर रोजे सुरू. पोरगं भिडस्त, घरातले उपाशी असताना जेवेना. तिथून पीटरकडे गेला, तर त्यांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ, मटण बंद. मी विचारलं, बरं चाललंय ना? "बरं हाय सर," तो म्हणाला, "फकस्त मी जातो तिथं उपास लागतो." वर्ग पाच मिनिटं हसत होता आणि त्यात चंदरही होता. त्या दिवशी मला या पोरांचा फार अभिमान वाटला.

मार्चअखेरीस, परीक्षेला पंधरा दिवस असताना, चंदरचा बाप आला. भट्टीवर माणसं कमी पडत होती. पोरगा कुठे झोपतो, काय खातो ते आधी बघतो, म्हणाला. चंदरने त्याला सातही घरं दाखवली. एकाही घराने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. माझ्या घरी पोचेपर्यंत त्याला उठबस जड झाली होती, तरी बायकोने आग्रहाने अर्धी भाकरी वाढलीच. जाताना एवढंच म्हणाला, "परवा येतो."

आम्ही समजायचं ते समजलो. दुसऱ्या दिवशी पीटरने कपाटाच्या दारावरचा कागद काढायला घेतला, हनीफने त्याचा हात धरला. चंदरने कपड्यांची पिशवी भरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी बाप फाटकात उभा. मी बाहेर गेलो, विनवायचं म्हणून चार वाक्यं मनात जुळवली होती. त्याच्या हाताला धरून एक पोरगा उभा होता, तोंडवळा चंदरचाच, उंचीला वीतभर कमी.

"गुरजी, ह्यो धाकला," तो म्हणाला. "ह्याचीबी पाळी कंच्या घरापासून धरायची?"