उषाची तुळई

उषाच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी ड्रायरमधून कपडे काढत होते. "उषा गेली," तो म्हणाला. मग जरा थांबून, "शनिवारी कॉटेजवर कोण जाणार?" मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. त्यांच्या घरात दोन-अडीच वर्षं शनिवारी दुसरा विषयच नसे...

ते कॉटेज पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावापासून तासाभरावर, शेतांच्या मधे. स्लोव्हेनियातून आलेला एक संगीतकार उन्हाळाभर तिथे राहून खाणकामगारांच्या गायनमंडळासाठी गाणी रचायचा. त्याची मुलगी अ‍ॅना आता सत्तरी ओलांडलेली. नागपूरहून शिकायला आलेल्या उषाला पहिल्या हिवाळ्यात तिनंच माडीवरची खोली दिली होती. गाण्यातलं उषाला ओ की ठो कळत नव्हतं. "मला सा आणि रे सारखेच ऐकू येतात गं," म्हणायची. पण २००४ साली पियानोच्या खोलीखालची तुळई खचली, वर चाललं की जमीन हलायला लागली, तिथल्या टाउनशिपच्या कचेरीनं घर पाडायचं ठरवलं, आणि ही स्ट्रक्चरल इंजिनिअर पेटली. भांडून दुरुस्तीसाठी मुदत घेऊन आली.

तळघरात तिनं तुळईखाली स्क्रूचे जॅक उभे केले. आठवड्याला पाव फेरा, जास्त नाही. जुनं लाकूड घाईनं उचललं तर वरचा गिलावा फुटतो. लाल सिग्नललाही स्टिअरिंगवर बोटं आपटणारी ही बाई पाव फेरा देऊन हात मागे घ्यायची, याचं मला हसू यायचं. मी टॉर्च धरायला.

"अगं, एवढ्यात तर मी कणीक मळून पोळ्या केल्या असत्या."

"तुझ्या पोळ्या माहीत आहेत. त्यांना पण जॅक लागेल."

२००६च्या ऑक्टोबरात मात्र एका शनिवारी ती थांबलीच नाही. फेऱ्यावर फेरा. वर काडकन आवाज झाला. धावत गेलो तर पियानोमागच्या भिंतीला छतापासून तडा.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले.

"रिपोर्ट आलाय माझा. पाव-पाव फेऱ्यानं मी पुरणार नाही यार."

दारातली अ‍ॅना पडलेला गिलावा बघत होती. उषानं तिला सॉरी म्हटलं. "पपासुद्धा शेवटच्या ओळी घाईनं उरकायचे," अ‍ॅना म्हणाली. "मग फाडून पुन्हा बसायचे." उषा खाली गेली, घाईनं दिलेले फेरे उलटे सोडले आणि पुन्हा आठवड्याला पाव फेरा सुरू केला. केमो चालू असतानाही. फेब्रुवारीत ती गेली तेव्हा तुळई अजून वर यायची होती.

श्रीकांतच्या प्रश्नाला मी "मी जाते" म्हटलं आणि गेले. टॉर्च दातात धरून फेरे दिले. मार्चअखेर टाउनशिपचा इन्स्पेक्टर आला. त्यानं जमिनीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध नव्हता, पण चालेल म्हणाला. घर राहील. जॅक काढून पक्के खांब घातले.

गिलाव्याचा माणूस आला तेव्हा अ‍ॅना मला विचारू लागली, "तडा तसाच ठेवू या? उषाची आठवण."

"भरून टाका," मी म्हटलं. "थंडी आत येते. आणि अर्धवट काम तिला चालायचं नाही."

आता तिथे माझं काही काम नाही. तरी शनिवारी गाडी काढतेच. पियानोच्या खोलीत एका जागी बसवत नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहते. जमीन हलत नाही.