कटआउटच्या कपाळावरचं कुंकू

चाकणचा चौक ओलांडून पुढं गेलं आणि कंपन्यांच्या भिंती संपत आल्या, की रस्त्याच्या कडेला एक भलामोठा फलक दिसतो. फलकावर एक हसरी म्हातारी. डोक्यावर जांभळ्या फुलांचा मुकुट, कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू आणि खाली अक्षरं : 'आजीची लव्हेंडर शेती. या, वास घ्या, विसावा घ्या.' शिफ्ट सुटलेली पोरं तिथं गाडी हळू करतात आणि म्हणतात, "भावा, आजी एक नंबर!"

आजी एक नंबर आहेच, त्यात वाद नाही. पण त्या फलकावर दोन गोष्टी खोट्या आहेत. एक ती शेती आणि दुसरं ते कुंकू.

शेतीचं आधी सांगून टाकू. फलकावरची ही आजी कस्तुराबाई; तिचं घर मूळचं पुनावळ्याचं. तिथल्या मळ्यावर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा मुलानं, म्हणजे ज्योतीरामनं, चाकणच्या अंगाला जमीन घेतली. आता तिच्यात काय करावं? त्यानं मोबाइलवर कुठल्याशा थंड मुलखातले जांभळे डोंगर पाहिले आणि गडी पेटलाच. लव्हेंडर लावलं. ते बिचारं कोरड्या हवेतलं झाड. आपल्या चिखलात एका पावसाळ्यात मुळं कुजून आडवं झालं. मग नर्सरीवाल्यानं तसेच जांभळे तुरे येणारी दुसरीच रोपं आणून दिली. त्यांना वास नाही, पण फोटोला वास कुठं लागतो? खरं लव्हेंडर उरलं दाराजवळच्या कुंड्यांत, पाहुण्यांनी पान चुरगळून नाकाला लावावं म्हणून. रविवार आला, की माणपासून निगडीपर्यंतच्या गाड्या तिथं रांगेत.

सून जयमाला तिकिटं फाडायची आणि पाहुण्यांना ज्ञान द्यायची. उशाखाली पुडी ठेवा, झोप छान लागते. कपाटात ठेवा, कसर लागत नाही. पुड्यांतली वाळलेली फुलं बाहेरून पोत्यानं यायची आणि त्या शिवायच्या कस्तुरानं. एकदा म्हातारीनं कडुलिंबाचा पाला संपला म्हणून तांदळाच्या डब्यात एक पुडी टाकली. पुढं कित्येक दिवस घरादारानं साबणाच्या वासाचा भात खाल्ला. "मग? तूच म्हणालीस ना किडा लागत न्हाई म्हनून?" असं तिनं सुनेलाच वर विचारलं.

आता कुंकू. ज्योतीराम रांगत होता तेव्हाच कस्तुराचा नवरा गेला. कुंकू पुसलं गेलं, गोंदलेला हिरवा ठिपका तेवढा राहिला; तो पुसायची सोय नव्हती. त्यानंतर तिनं शेवंती पिकवली, झेंडू पिकवला, दुसऱ्यांच्या लेकीबाळींसाठी गजरे ओवले. स्वतःच्या केसांत एक पाकळीसुद्धा माळली नाही. आणि एका रविवारी हिंजवडीच्या कंपनीतली एक पोरगी जांभळ्या तुऱ्यांचा मुकुट घेऊन आली आणि सरळ तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "आजी, एक फोटो!"

कस्तुराचा हात मुकुट काढायला वर गेला आणि तिथंच थांबला. मोगरा नाही, चाफा नाही, अबोली नाही. हे झाड बापजाद्यांनी पाहिलेलंच नाही, तर ते माळायला बंदी कोण घालणार? असा साधा हिशेब तिनं मनात केला आणि खुदकन हसली. नेमकं ते हसू मोबाइलमध्ये पकडलं गेलं.

ज्योतीरामनं तोच फोटो फलकावर चढवला. कपाळ मोकळं दिसतंय म्हणून फलक बनवणाऱ्यानं आपल्या अकलेनं कुंकू चिकटवलं आणि ज्योतीरामला ते बरंच वाटलं. शेजारची अंबुबाई दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "काय गं कस्तुरे, नवरा परत आला व्हय तुझा? आमाला सांगायचं तरी!"

कस्तुरा रडकुंडीला आली. "ज्योती, ते पुसून घे रे."

"आई, आता कोण मानतं हे? तू ब्रँड हायस आपला!" ज्योतीराम म्हणाला. पुढं महिला दिनाला त्यानं शेतावर कार्यक्रम केला, जुन्या रूढींवर भाषण ठोकलं आणि टाळ्या घेतल्या. कस्तुरा पहिल्या रांगेत बसली होती. तिला ते खरं वाटलं. चूक झाली ती एवढीच.

कारण त्याच रात्री नातीनं, दिव्यानं, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून शब्द दिला. जयमाला पार्लर चालवायची त्या दिवसांपासून दिव्याला वाढवलेली आजीनंच. "आजी, माझ्या लग्नात पहिली हळद तू लावायची. दुसरं कुणी आधी हात लावला तर मी पाटावरून उठीन."

"येडी का काय? लोकं हसतील."

"हसू देत. तू पण हसतेसच की फलकावर."

झालं. म्हातारीनं दुसरं काही मागायचंच सोडून दिलं. अवजारांच्या खोलीमागं हळद लावली, पाला वाळल्यावर काढली, उकडली, वाळवली. दिव्याचं निगडीच्या मुलाशी जमलं, तेव्हा तिनं ती स्वतः कांडली, वस्त्रगाळ केली. दुकानातल्या हळदीनं पोरीचं अंग जळेल म्हणायची.

हळदीचा समारंभ लव्हेंडरच्या शेतावरच ठरला. जातं सजवलं, पाच सवाष्णींनी ते फोटोपुरतं फिरवलं. अंगाला लावायची हळद मात्र कस्तुराच्या डब्यातली. ती जुनी इरकल नेसून, हात धुऊन तयार होती, तेवढ्यात जयमाला आली.

"आत्याबाई, तुम्ही जरा मागच्या खोलीत बसा. निगडीची माणसं येतायत. आमचं काही नाही हो, पण पोरीचं चांगलं व्हायला पाहिजे ना?"

कस्तुरानं लेकाकडं पाहिलं. ज्योतीराम मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "आई, नाराज होऊ नको. दारातच तुझा कटआउट लावलाय ना, माणसाएवढा! येणारा जाणारा तुलाच बघतोय."

म्हातारीला अजून दिव्याचा भरवसा होता. मागच्या खोलीच्या दाराआड ती उभी राहिली. दिव्या पाटावर बसली, मान वळवून तिनं इकडंतिकडं शोधलं, आणि दोघींची नजर बरोब्बर भिडली. कस्तुरानं पदर सावरला. एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलंसुद्धा.

"मॅडम, इकडं बघा, कॅमेऱ्यात!" फोटोवाला ओरडला.

दिव्यानं तिकडं बघितलं.

पहिली हळद लावली अंबुबाईनं. ही तीच अंबुबाई, जी नवऱ्याला रोज सकाळ-संध्याकाळ 'मर एकदाचा' म्हणते. पण तो मरत नाही, त्यामुळं तिचा हात शुभ. डीजे सुरू झाला, पोरं नाचायला लागली आणि दिव्याही हसायला लागली. पाटावरून कुणी उठलं नाही.

कस्तुरा मागच्या वाटेनं निघाली ती थेट दारापाशी आली. तिथं कटआउट उभा होता. मुकुट, कुंकू आणि ते हसू. निगडीच्या पाहुण्या बायका त्याला खेटून सेल्फी काढत होत्या.

"किती गोड आजी! नशीबवान बाई. या वयात अशी हौस पाहिजे," नवऱ्या मुलाची आईच म्हणत होती.

कस्तुरा बघत राहिली. एका पोरीनं मोबाइल खाली घेतला. "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मावशी बाजूला झाली.

लग्न पार पडलं. सासरी निघताना दिव्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. "आजी, तेव्हा इतकी गडबड होती ना... मी हाक मारणारच होते गं."

कस्तुरानं तिचे डोळे पुसले आणि तिच्या मुठीत एक पुडी कोंबली. "उशाखाली ठेव. झोप चांगली लागती म्हनं."

पुढच्या रविवारी ज्योतीराम मुकुट घेऊन मागच्या खोलीत आला. "आई, चल. एक पोरगं रील करायला आलंय. नुसतं हसायचंय."

म्हातारी पुड्या शिवत होती. तिनं दातानं दोरा तोडला.

"त्या दारातल्या बाईला सांग की."

"अगं, ती पुठ्ठ्याची हाय!"

"आसंना. पन तिचा नवरा जिता हाय."

ज्योतीराम मुकुट तिथंच खाटेवर ठेवून निघून गेला. कस्तुरानं मुकुटाचे तुरे एकेक करून ओरबाडले, नाकाशी नेले. वास नव्हताच. तिनं ते खाटेखालच्या सुपलीत टाकले, सुईत दोरा ओवला आणि पुढची पुडी घेतली.