रूपरावांचा अर्धा चंद्र

सेलूच्या बाजारात फोटोचं दुकान चालवणाऱ्या रूपरावांना पौर्णिमेच्या चंद्राची किळस यायची. कारण तो त्यांनीच काढला होता, आणि कॅमेऱ्यानं नव्हे, ब्रशनं.

चौपन्न साली कापसाचे व्यापारी हिरालालसेठ यांना कोजागिरीचा फोटो हवा होता. दुधाची कढई, अख्खं कुटुंब आणि वर चंद्र. फोटो काढला दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. रूपरावांनी निगेटिव्हच्या काचेवर बाटलीच्या बुचाएवढा काळा गोल रंगवला. फोटो मुद्दाम काळसर छापला, तसा कागदावर तो गोल पांढराशुभ्र उमटला. आणि ज्यांनी उन्हात डोळे बारीक करून फोटो काढून घेतला, तेच पाहुण्यांना सांगू लागले, "काय चांदणं पडलं होतं त्या रात्री!" आता बोला! मग गावाला वेडच लागलं. नवरा-नवरीच्या डोक्यावर चंद्र, बारशाला चंद्र. एका पठ्ठ्यानं तर मेलेल्या बापाच्या फोटोतही मागितला. रूपराव देत गेले. बोटांचा काळा रंग घासताना त्यांना घास नकोसा व्हायचा.

शेवटी हट्टाला पेटून त्यांनी पत्र्याच्या लांब नळीला चष्म्याचं भिंग बसवलं, मागे कॅमेरा जोडला. दर शुद्ध अष्टमीला दिवेलागणीला गच्चीवर उभे. कधी ढग, कधी नळी हललेली. छप्पन्नच्या माघात एक काच साधली. अर्धा चंद्र, कडेला खड्डेच खड्डे. एकानं तरी तो खरा म्हणून भिंतीला लावावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"अगं बाई, याले देवी आल्या का?" बायको वच्छलाबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात शाळेचे प्रभाकरराव मास्तर भूगोलाच्या वर्गासाठी चंद्राचा फोटो मागायला आले. रूपरावांनी आपला फोटो पुढे केला. मास्तरांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा काऊन असा कुजल्यावानी दिसून राह्यला? पोरं हासतीन. मले हिरालालसेठकडचा द्या."

"मास्तर, हाच खरा हाय. तो म्या हातानं रंगवला."

"पुरे झाला तुमचा विनय, रूपराव!"

रूपरावांनी कढई आणि माणसं कापून नुसता गोल मोठा करून दिला.

"खाली लिहून द्या," मास्तर म्हणाले, "चंद्राचा प्रत्यक्ष फोटो. पोरायले समजलं पाह्यजे."

रूपरावांनी टाक उचलला, वळणदार अक्षरात तसंच लिहिलं आणि खाली आपली सही केली.