कमलच्या हातून महालक्ष्मी आली

यंदा भाद्रपदात मला देवीपेक्षा काळजी होती ती आमच्या दारातल्या पायरीची, कारण तिच्यावर कमल झोपायची. पडेगावच्या माझ्या घराचा खालचा मजला मी एका संस्थेला भाड्यानं दिला आहे. मनाच्या आजारात घर सुटलेल्या, रस्त्यावर दिवस काढलेल्या आणि आता औषधोपचारानं सावरलेल्या चार बायका तिथं राहतात. प्रत्येकीची स्वतःची खाट, स्वतःची किल्ली, स्वयंपाक पाळीनं. संस्थेच्या सुनंदाताई रोज चक्कर मारतात, गोळ्यांचं बघतात. बाकीच्या तिघी रमल्या, पण मुकुंदवाडी स्टेशनवर वर्षानुवर्षं राहिलेली कमल काही उंबरा ओलांडेना. आंघोळ परसातल्या न्हाणीत, ताट पायरीवर, झोपही तिथंच. “छत अंगावर येतंय गं आज्जे,” म्हणायची. सुनंदाताई म्हणत, ओढून न्यायचं नाही, घर तिचं आहे, तीच ठरवेल. पण भिजून तिला ताप आला होता, आणि दोनदा ती फाटक उघडून स्टेशनच्या वाटेला लागली होती. पुन्हा गेली आणि गोळ्या सुटल्या तर ती परत सापडेल का, हाच घोर मला होता.

मी देवीला म्हटलं, हिला आत आण, सोळाच्या जागी बत्तीस भाज्या करते. कमल पायरीवरच राहिली. खरंच कुणी ऐकतं का, अशी शंका या वयात मनात आली आणि माझी मलाच लाज वाटली. तरुणपणी मला असली शंका कधी शिवली नाही, कारण तेव्हा मी भक्त नव्हतेच, देवीवर नेमलेली इन्स्पेक्टर होते. मुखवट्याची नथ जरा वाकडी दिसली की घरभर आकांत. एकदा सोवळ्याच्या पातळाला मांजर शिवलं म्हणून पुरणाचा सगळा घाट पुन्हा घातला. पाहुणे दिवस कलल्यावर जेवले, आणि ही बया समजत होती की देवी वरून आपलं कौतुक करतेय! मांजराला मात्र वेळेवर दूध मिळालं.

हे गेल्यापासून मुखवटे सून आणते. यंदा तिचा पुण्यात पाय मुरगळला. मुखवटे हातात घेऊन मला जिना चढवेना, म्हणून महालक्ष्म्या खालीच, या बायकांच्या घरात बसवायच्या ठरल्या. चौघींतली रझिया भाज्या चिरताना म्हणाली, “आजी, सोला भाज्या? घर में मोंढे का बाजार बिठाना है क्या?” तिलाच मी उंबऱ्याशी दूधपाणी घेऊन उभं केलं आणि काय विचारायचं ते शिकवलं. एक मुखवटा सुनंदाताईंनी आत नेला. दुसरा घेऊन मी निघाले आणि पायरीपाशी माझा गुडघा असा धरला की ना पुढं, ना मागं. हातात देवी, समोर कमल बसलेली. कळ इतकी होती की बोलवेना. कमल उठली. माझ्या हातातून मुखवटा घेतला, पदराखाली धरला, अगदी धरायचा तसा. कुठल्या अंगणात शिकली होती, आम्ही विचारलं नाही.

रझियानं तिच्या भेगाळलेल्या पायांवर दूधपाणी घातलं. “कशाच्या पावलानं आली?”

“सोन्याच्या पावलानं,” कमल म्हणाली, आणि आत गेली.

आमच्याकडं आलेल्या महालक्ष्मीला सारं घर दाखवतात. कुंकवाच्या पावलांवरून कमल स्वयंपाकघरात गेली, धान्याच्या डब्यांपाशी गेली. मी भिंत धरून मागं. शेवटी तिची स्वतःची खोली आली, घडी न मोडलेल्या चादरीची.

“इथं काय आहे?” रझियानं विचारलं.

कमलनं मुखवटा खाटेकडं वळवला. मग देवीला सांगावं तसं हळूच म्हणाली, “माझी खाट हाय.”

“और मच्छरदानी भी है!” रझिया ओरडली, आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की सुनंदाताईंनी डोळे पुसले.

त्या रात्री कमल महालक्ष्म्यांसमोर चटईवर झोपली. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं, तेव्हा मला पुन्हा तोच घोर लागला. पण मुखवटे पेटीत गेले आणि कमल आपल्या खोलीत गेली. पहिल्याच दिवशी दार मिटलं नाही तिनं, ते हळूहळू मिटायला लागली.

ही देवीची करणी की माझ्या झिजलेल्या गुडघ्याची, त्यात मी पडत नाही. जन्मभर मी देवाला दंडाला धरून आणत आले, आणि त्या दिवशी हातातलं दुसऱ्याच्या हाती गेलं तेव्हा तो आला. सोपवणं म्हणतात ते हेच असावं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, याचाच मला लई आनंद आहे.

आता दुपारी मी वर माळ घेऊन बसते, तेव्हा खालून कमलचं घोरणं ऐकू येतं. चांगलं दणदणीत घोरते. मणी ओढायचे राहून जातात, आणि मी हात जोडून ऐकत बसते.