जामसरच्या शाळेची घंटा आणि आमची मागची चकती

जव्हारात तेव्हा कुणी मोटारसायकल घेतली की पहिल्या दिवशी हार, दुसऱ्या दिवशी पेढे आणि तिसऱ्या दिवशी गाडी माझ्या मोठ्या भावाच्या दुकानात, मागची चकती बदलायला. चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती. कंपनी देते ती सपाट रस्त्याची, आणि आमच्याकडे सपाट म्हणजे फक्त ताट. टाकीवर पोर, मागे बायको, कॅरियरला नागलीचं पोतं, एवढं घेऊन घाट चढायचा तर चकतीला दाते जास्त लागतात. मग गाडी पळते जरा कमी, पण चढते बिनबोभाट. ही चकती भाई स्वतः कापायचा. पोलादी पत्रा, कंपास, हॅकसॉ आणि कानस, एवढंच सामान. दोन दोन दिवस बसून एकेक दाता घासायचा. मोखाड्यापर्यंतच्या गाड्या त्याच्या चकत्यांवर चालत होत्या. ह्याला आम्ही गाडीत केलेला बदल वगैरे म्हणत नव्हतो. भाताला मीठ घातलं म्हणून भात बदलला असं कुणी म्हणतं का?

आमचीही एक दोन-स्ट्रोक होती. तिच्यावर कापडाचे गठ्ठे लादून मी आठवडी बाजार करायचो. तर एके हिवाळ्यात शहरातल्या एका मोटारसायकल क्लबचा कागद चौकात लागला. हौशी लोकांची शर्यत, जव्हार ते मोखाडा आणि परत. दोन गट. एकात वाटेल ते बदल केलेल्या गाड्या, दुसऱ्यात कंपनीतून निघाली तशीच्या तशी गाडी. मी तो कागद वाचला आणि माझे पाय जमिनीवर राहिनात. ह्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला नावानं ओळखतो, मी नाही उतरायचं तर कुणी?

नियमांचा कागद चार पानी होता. भाई शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेला, म्हणून रोज दुपारी मी वाचायचो आणि तो एकेक कलम पुन्हा वाचायला लावायचा. कंपनीनं बसवलेला भाग काढायचा नाही, बदलायचा नाही, घासायचा नाही. प्लग आवडीचा चालेल. आरसा काढला तर हरकत नाही, दिव्याच्या काचेवर मात्र चिकटपट्टी हवी. साडी गार्ड जागेवर पाहिजे. अहो, आमचं साडी गार्ड शेजारच्या खुराड्याचं दार झालं होतं! ते मी मागून आणलं, भाईनं ठोकून सरळ केलं, आणि शेजारणीच्या कोंबड्या आठ दिवस आमच्या अंगणात. सायलेन्सरच्या आतली नळी भंगारात सापडली. कॅरियर आम्ही नंतर लावलेलं, ते उतरवलं. रात्री झोपताना मला नियम पाठ येऊ लागले. भाई तर म्हणाला, ही कंपनीत परत नेली तर कंपनी पुन्हा विकेल.

शर्यतीच्या रविवारी सकाळी चौकात जत्रा भरावी तशी गर्दी. अकरा गाड्या आमच्या गटात. तपासनीस म्हणून क्लबचे एक चष्मेवाले गृहस्थ, हातात फळी, फळीवर यादी. आमची गाडी त्यांनी पुढून पाहत आणली. दिवा ठीक, कार्बोरेटर ठीक, साडी गार्ड बघून तर हसले. मागच्या चाकाशी खाली बसले आणि एका दात्यावर खडूची खूण करून मोजायला लागले.

"सेहेचाळीस," ते उठून म्हणाले. "कंपनीचे बेचाळीस असतात."

बोंबला! गाडीचा खिळा न् खिळा तपासला आणि भाईच्या स्वतःच्या हातची चकती आम्हा दोघांच्याही डोळ्यांना दिसली नाही. मी सांगायला गेलो की साहेब, इथे सगळेच लावतात. तर ते सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, ही लबाडी आहे, पाहिजे तर दुसऱ्या गटात धावा.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी बाह्या सरसावल्या. मला राग पटकन येतो, अजूनही येतो. भाईनं माझं मनगट धरलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. अर्धा चौक त्याचं गिऱ्हाईक. प्लग न बदलता बदलला असं सांगून त्यानं कधी पैसे घेतले नव्हते, आणि त्याच्यापुढे हा शब्द. मीच हौसेनं नाव घातलं होतं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भाईनं विचारलं, तपासणी किती वाजेपर्यंत? अकरा. तेव्हा नऊ वाजत होते. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुसऱ्या गटात गेलो तर तो शब्द खरा ठरतो. आपली कंपनीची चकती जामसरला आहे. आण."

खरंच की! तीन वर्षांपूर्वी ती चकती मीच पोचवली होती. जामसरच्या शाळेत घंटा नव्हती, गुरुजी आपली गाडी दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा त्यांनी वाजवण्याजोगं काही लोखंड मागितलं होतं, आणि भाईनं खुंटीवरची चकती काढून दिली होती. आज ती शाळेपुढच्या आंब्याला टांगलेली होती.

गाडी कशी हाकली ते विचारू नका. गुरुजी घरासमोर दाढी करत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. एका गालाला साबण तसाच ठेवून ते स्वतः आंब्यावर चढले. तीन पावसाळ्यांनी तार गच्च बसली होती, शेवटी पकडीनं तोडली. वरूनच म्हणाले, उद्या दहाच्या आत परत हवी, पोरं घंटेवर येतात, घड्याळ कुणाच्या घरी आहे? मी शपथ घेतली आणि सुटलो.

दहा वाजून गेले होते. भाई पाने मांडून तयारच बसला होता. घासलेट, चिंधी, गंज उतरवला. एका बाजूला घंटा वाजवायच्या बोल्टाचे ठोके बसून खळगे पडले होते, पण दाते नव्यासारखे. चेन लांब पडत होती, तिच्या दोन कड्या काढल्या. अकराला पाच मिनिटं असताना शेवटचा नट आवळला. तपासनीसांनी घाईत पाहिलं, ओठातल्या ओठात काही मोजलं, यादीवर खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. गर्दीतल्या कुणालाच काही कळलं नाही. सकाळचा शब्द मात्र सगळ्यांना कळला होता.

भाई माझ्या कानाशी आला. "पहिल्या तिघांत ये. तिघांच्याच गाड्या शेवटी सगळ्यांसमोर उघडतात. त्यानं मोठ्यानं मोजल्याशिवाय मला उद्या दुकान उघडता येणार नाही."

झेंडा पडला आणि काय सांगू! ती गाडी मी चार वर्षं चालवत होतो, पण ती एवढी पळते हे मला ठाऊकच नव्हतं. सरळ रस्त्याला लागलो तर इंजिन शांत आणि झाडं मागे उडतायत. अरे, ही आपलीच का? मी हेल्मेटच्या आत हसत होतो, मोठमोठ्यानं, वेड्यासारखा. उताराला दोघांना मागे टाकलं, वळणावर तिसऱ्याला. मोखाड्याला परत फिरायची खूण म्हणून ठेवलेल्या पिंपाला वळसा घातला तेव्हा माझ्यापुढे फक्त दोन गाड्या होत्या.

आता परतीचा पोशेऱ्याचा चढ. इथेच भाईची चकती लागते आणि इथेच ती नव्हती. दुसऱ्या गिअरला गाडी मान टाकायला लागली. पहिला टाकला तर नुसती किंचाळते आणि गोगलगायीसारखी चालते. मागून चौथ्याचा आवाज जवळ येत होता. मी टाकीवर आडवा झालो, गाडीला शिव्या दिल्या, लगेच गोंजारलं, पुन्हा शिव्या दिल्या.

ह्या चढाचा एक रिवाज आहे. कुणाचीही गाडी दमली की शेतातला माणूस हातातलं काम टाकून ढकलायला येतो. बोलवावं लागत नाही. त्या दिवशी खळ्यावर भात झोडणाऱ्या एका म्हाताऱ्यानं माझी गाडी ओळखली. आमचे गठ्ठे त्यानं कितीदा ढकलून वर घातले होते. तो पेंढी टाकून धावत सुटला, अनवाणी, दोन्ही हात पुढे करून.

बाहेरच्याचा हात लागला की गाडी बाद, चौथ्या पानावरचं कलम. मी जीव तोडून ओरडलो, "बाबा, हात लावू नका! हात लागला तर मी बाद!"

म्हातारा थबकला नाही. दोन्ही हात आभाळाकडे वर केले आणि तसाच माझ्या बाजूनं धावायला लागला. "नाय लावत, नाय लावत, जास तू!" चढ संपेपर्यंत हात वर धरून तो माझ्याबरोबर पळाला. हात न लावता कुणी गाडी ढकलू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. चौथा माझ्या चाकाला चिकटून आला, पण माथ्यावर मी पुढे होतो आणि पुढे उतार होता.

चौकात मी तिसरा आलो.

तिन्ही गाड्या घोडीवर चढवल्या. आमचं मागचं चाक काढलं. तपासनीसांनी दात्याला खडू लावला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. दहाच्या पुढे गर्दीनं आवाज मिसळला. वीस. तीस. भाई डोळे मिटून उभा होता, नुसते ओठ हलत होते. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, आणि खडूची खूण परत वर आली. गाडी नियमात आहे, तिसरा क्रमांक, असं त्यांनी जाहीर केलं.

"आणि सकाळचा शब्द?" भाईनं विचारलं.

ते गृहस्थ सरळ माणूस निघाले. तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "तो मी परत घेतो."

शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी मला खांद्यावर घ्यायला बघत होतं. भाईनं मात्र पिशवीतून सेहेचाळीस दात्यांची आपली चकती काढून त्यांच्यासमोर धरली. म्हणाला, आता हीही मोजा, दाते नकोत, दोन दात्यांमधलं अंतर. त्यांनी व्हर्नियर लावला. एक गाळा, दुसरा, पाचवा, मग पूर्ण फेरा. मोजून झाल्यावर चष्मा पुसला आणि विचारलं की हे कापणारं यंत्र कुठं आहे. भाईनं खिशातली कानस त्यांच्या हातावर ठेवली. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी दहाच्या आत आम्ही दोघं जामसरला पोचलो, गाडीला पुन्हा भाईची चकती लावून. तार नवी नेली होती. गुरुजींनी घंटा टांगून घेतली आणि वाजवायचा बोल्ट भाईच्या हातात दिला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाजवायला लागला, थांबेचना. पोरं पाट्या घेऊन चारी वाटांनी पळत आली आणि बघतात तर शाळेला अजून पाव तास होता.